रांजणथडीचं पुराण: काल्पनिक मुलखाचा जुना इतिहास कसा रचायचा

आमचा सहा जणांचा ग्रुप आहे, कोथरूडात एकाच्या गच्चीवर दर शनिवारी रात्री जमतो आणि फासे टाकून रोलप्लेइंग गेम खेळतो (प्रत्येक जण एक पात्र होऊन गोष्ट पुढे नेतो), आणि त्या गेममधलं जग बनवायचं काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात पडलंय. पहिल्यांदा मी काय केलं तर चाळीस पानांचा गुगल डॉक लिहिला, त्यात विश्व कसं निर्माण झालं इथपासून सुरुवात, मग अकरा देव, मग बावीस राजांची यादी, प्रत्येकाची कारकीर्द वर्षांसकट. तिसऱ्या राजापाशी एक जण मोबाईल बघायला लागला, सातव्यापाशी दुसरा झोपला, आणि तिसऱ्याने विचारलं की ते सगळं ठीक आहे रे, पण तिथले लोक जेवतात काय? मला उत्तर देता येईना. बावीस राजे तोंडपाठ आणि भाकरी कशाची ते माहीत नाही. तेव्हापासून मी पद्धत बदलली, तीच इथे सांगतोय, कादंबरी लिहिणाऱ्यांना पण चालेल.

सुरुवात देवापासून करू नका, पावसापासून करा. कागदावर डोंगराची एक रांग काढा आणि वारा कुठून येतो ते ठरवा, बाकीचं निम्मं आपोआप ठरतं. आपल्याकडेच बघा ना, ताम्हिणीत छत्री उलटी होते इतका पाऊस आणि तिथून गाडीने दोन तासांवर पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर, अजून पूर्वेला गेलात की ज्वारी-बाजरी आणि मेंढरं. घाटात भात, पठारावर भाकरी. मधल्या पट्ट्यात दोन्हीकडचे लोक एकमेकांना भेटतात, भांडतात, लग्नं करतात, आणि पुराणं नेमकी अशाच ठिकाणी तयार होतात. माझ्या पहिल्या मॅपमध्ये नदी डोंगर चढून पलीकडे जात होती, ग्रुपमधल्या सिव्हिल इंजिनियरने ते धरलं आणि वर्षभर मला त्यावरून ऐकवलं.

तर माझा सध्याचा मुलूख म्हणजे रांजणथडी. भीमथडी, नीरथडी हे जुने शब्द आपल्याला माहितीयेत, थडी म्हणजे नदीकाठचा प्रदेश, तसंच रांजणी नावाच्या नदीच्या काठचा हा मुलूख. नदीच्या पात्रात खडकाला गोल खोल खळगे पडलेत, निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत तसेच, ते बघून आल्यावरच मला हे सुचलं. विचित्र दिसणारी जागा असली की तिथे गोष्ट असतेच. लोणारचं सरोवर घ्या, बेसॉल्टच्या खडकात उल्का आपटून पडलेलं जवळपास 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर, पण गोष्ट विचाराल तर तिथे लवणासुर जमिनीखाली दडला होता आणि विष्णूने त्याला मारला. भीमा नदी कशी झाली, तर त्रिपुरासुराशी लढून दमलेल्या शंकराच्या घामातून. म्हणून मॅपवर तीन-चार जागा अशा ठेवा की बघणाऱ्याला विचारावंसंच वाटेल, हे असं का बुवा? पुराण म्हणजे बऱ्याचदा त्या प्रश्नाला आजीने दिलेलं उत्तर असतं.

आता दुसरं काम, आणि हे बहुतेक जण करतच नाहीत. खरं काय घडलं ते एका पानावर लिहून काढा. एकच पान. आणि ते कोणालाही दाखवू नका. माझं पान असं आहे: रांजणीच्या काठी भोई लोक राहायचे, मासेमारी, थोडी शेती, आणि त्यांनी वरच्या अंगाला मातीचा बंधारा घातला होता. मग सलग तीन वर्षं दुष्काळ पडला, पठारावरचे मेंढपाळ कळप घेऊन खाली उतरले, भोयांनी त्यांना पाण्याच्या बदल्यात लोकर मागितली, दोन पिढ्या बरं चाललं. मग एका पावसाळ्यात बंधारा फुटला. खालचं गाव वाहून गेलं, मेंढपाळ उंचावर होते म्हणून वाचले. बंधारा कोणी फोडला नव्हता, मातीला उंदरांनी बिळं केली होती आणि डागडुजी कोणी केली नव्हती, बस. वाचलेल्या भोयांच्या मुली मेंढपाळांच्या घरात गेल्या, आणि शंभरेक वर्षांनी त्यांच्यातूनच पहिला राजा झाला.

संपलं. यात देव नाही, शाप नाही, तलवार नाही. हे पान जितकं साधं तितकं बरं.

हे पान लिहिताना मूड यावा म्हणून मी इनामगावबद्दल वाचलं होतं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथे वर्षानुवर्षं उत्खनन केलं, साधारण इसवीसनपूर्व 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती. तिथे लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरायचे, मोठ्या माणसांनाही घरातच पुरायचे आणि त्यांची पावलं घोट्याखाली तोडलेली असायची. का, तर मेलेला माणूस उठून चालत जाऊ नये म्हणून असावं असा अंदाज. मातीची एक पेटी सापडली, आत बिनमुंडक्याची स्त्रीमूर्ती, सोबत आणखी एक तशीच मूर्ती आणि बैल. आणि शेवटच्या काळात पाऊसमान बिघडलं, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, वस्ती हळूहळू ओसरली. आता गंमत बघा, त्या देवीचं नाव काय ते आपल्याला कधीच कळणार नाही, तिची एकही गोष्ट उरली नाही, नुसत्या वस्तू उरल्या. तुमच्या मुलखात पण अशी एक तरी गोष्ट ठेवा जिचं उत्तर तुमच्या त्या गुप्त पानावरसुद्धा नाही. मी सरळ पेटीच ढापली, फक्त मातीची होती ती दगडाची केली.

आता तिसरं काम, बिघडवायचं. म्हणजे खरं घडलेलं लोकांच्या तोंडात जाऊन कसं बदलतं ते लिहायचं. यासाठी पुण्यासारखं शहर नाही, कारण आपल्याकडे पानशेत आहे. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तारीख पक्की, फोटो आहेत, कागद आहेत, तरी माझी आजी सांगायची तेव्हा पाणी दर वर्षी एक पायरी वर चढायचं. मी शाळेत असताना ते वाड्याच्या चौथ्या पायरीला होतं, कॉलेजात गेलो तेव्हा माडीवर पोचलं. आजी खोटं बोलत नव्हती, तिची भीती मोठी होती आणि पायऱ्या कमी पडत होत्या. आणि जुनी माणसं अजून म्हणतातच की, तो वाडा पानशेतच्या आधीचा, हिचं लग्न पानशेतनंतर झालं. एक पूर आला आणि त्याचं कॅलेंडर झालं. हे आपल्या डोळ्यांदेखत साठ-पासष्ट वर्षांत झालंय, मग सहाशे वर्षांत काय होईल त्याचा हिशोब तुम्हीच करा.

माझा ढोबळ नियम असा आहे. तीन पिढ्यांपर्यंत माणसांना नावं, भांडणं, कोणाची म्हैस कोणाच्या शेतात घुसली हे सगळं आठवतं. त्याच्या मागे मोठं भगदाड. आणि भगदाडाच्या पलीकडे एकदम देव, मूळपुरुष, आणि पहिली विहीर. मधली दोन-तीनशे वर्षं कुणालाच आठवत नाहीत, म्हणून वंशावळीत पणजोबांचे आजोबा थेट सूर्यापासून झालेले असतात. म्हणजे बावीस राजांची सलग यादी ज्या मुलखात सगळ्यांना पाठ आहे तो मुलूख खोटा वाटतो, कारण अशी यादी फक्त दरबारात पगारी माणूस ठेवून बनते. यादी हवीच असेल तर तो पगारी माणूस पण बनवा आणि त्याला पगार कोण देत होतं ते लिहा.

मग प्रत्येक समाजाला त्याची आवृत्ती द्या. रांजणथडीत डोहाई नावाची देवी आहे आणि कांबळोबा नावाचा देव. मेंढपाळ सांगतात की डोहाईने पाणी अडवून धरलं होतं, मेंढरं तहानेने मरायला लागली, कांबळोबाने काठी मारून बांध फोडला आणि पाणी सगळ्यांचं केलं. भोई सांगतात की कांबळोबा पाहुणा म्हणून आला, जेवला, आणि रात्री चोरासारखा बांध फोडून गेला, डोहाई चिडून पात्रात घागरी आपटत धावली, ते खळगे म्हणजे तिच्या घागरींचे वण. आणि गडावरच्या देवळातला पुजारी सांगतो की असं काही नाहीच, दोघं नवरा-बायको आहेत, संसारात बांधावरून भांडण होतं तेवढंच, दर वर्षी पालखी नदीवर नेऊन आम्ही त्यांची समजूत घालतो. पुजाऱ्याची गोष्ट का अशी, तर राजाच्या घरात दोन्ही रक्तं आहेत आणि राजाला शांतता पाहिजे. तीन गोष्टी, तिन्ही चूक, आणि तिन्हींमध्ये बंधारा आहे. वाचणाऱ्याला हळूहळू कळतं की सगळ्या भांडणात सारखी असलेली गोष्ट तेवढी खरी असावी, आणि ते त्याला स्वतःला कळलं की जी मजा येते ती चाळीस पानांच्या डॉकमध्ये येत नाही.

हे लग्नाचं तंत्र मी खंडोबाकडून घेतलंय हे उघड आहे. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बानू धनगराची, शिवाय इतरही समाजांतल्या बायका सांगतात, आणि म्हाळसा-बानूचं भांडण तर लोकगीतांत इतकं रंगतं की सिरियलवाल्यांनी शिकावं. देवाची सासुरवाडी बघितली की कोणकोणते समाज त्या देवाभोवती जमले ते कळतं. आणि हरलेल्याचं काय करायचं ते पण जेजुरीतच शिकायला मिळतं. मणी आणि मल्ल हे दैत्य मारले, मान्य, पण मणी शेवटी शरण आला आणि त्याची मूर्ती जेजुरीला पुजली जाते, मल्लाचं नाव तर थेट देवाच्या नावात, मल्हारी. आपल्याकडे हरलेला पूर्ण जात नाही, पायरीपाशी का होईना बसतोच. म्हणून तुमच्या मुलखात काळा राक्षस, पांढरे देव, युद्ध, समाप्त असं करू नका हो, प्लीज. जुन्या देवाला नव्या देवळाच्या दारात एक कोनाडा द्या, त्याला नैवेद्य काय लागतो ते लिहा, आणि तो देवळातल्या नैवेद्यापेक्षा वेगळा ठेवा.

शहराच्या स्थापनेची गोष्ट लिहायची असेल तर आपलीच समोर आहे. आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला, पहार ठोकली, आणि मग जिजाऊंनी बाल शिवाजीराजांच्या हातून सोन्याचा नांगर फिरवून गाव वसवलं, हे लहानपणापासून ऐकलेलं. शहाणे लोक विचारतात की सोनं मऊ असतं, त्याने जमीन कशी नांगरणार? पण गोष्टीचं काम नांगरणं नाहीये, गाढवाचा नांगर खोडणं हे आहे. शाप ज्या भाषेत दिला त्याच भाषेत उतरवायचा. मला वाटतं नवीन लिहिणारे इथेच चुकतात, त्यांच्या शापाला उतारा म्हणून भलतंच काहीतरी येतं, जादूचा दगड वगैरे, आणि मग ती गोष्ट लोकांनी सांगितलेली वाटत नाही, लेखकाने बनवलेली वाटते. माझ्याकडे बांध काठीने फुटला, म्हणून दर वर्षी पालखीपुढे मेंढपाळांचा मानकरी काठी मोडून नदीत टाकतो. एवढंच. भोई बघत उभे असतात, टाळ्या वाजवत नाहीत.

आता वस्तू. तोंडी गोष्टी झाल्या की मुलखात चार-पाच वस्तू पेरा, आणि त्या शक्यतो गोष्टींशी न जुळणाऱ्या. नाणेघाटात गेला असाल तर लेण्यात सातवाहन घराण्यातल्यांची नावं कोरलेली आहेत, खाली त्यांच्या मूर्ती होत्या, आज फक्त पावलांच्या खुणा उरल्यात. राणी नागनिकेच्या लेखात यज्ञात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी दान दिली त्याचे आकडे, आणि चेहरा मात्र एकाचाही नाही. ह्याच्यापेक्षा भारी प्रॉप कोणी बनवून दाखवावा. नाण्यांचं म्हणाल तर नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला 1906 मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, नहपान क्षत्रपाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा वरून मारलेला. लढाई कोण जिंकलं हे सांगायला एक ओळ पण लिहावी लागत नाही, प्लेयरच्या हातात नाणं द्यायचं आणि म्हणायचं, नीट बघ, खाली अजून एक तोंड आहे.

वीरगळ पण घ्या, लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड, गावोगावी देवळाबाहेर पडलेले असतात, खालच्या चौकटीत लढाई, मध्ये अप्सरा वर नेतायत, सगळ्यात वर तो वीर शिवलिंगापाशी, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. एका दगडात अख्खा सिनेमा, खालून वर वाचायचा. आणि गधेगाळ, जमिनीचं दान कोणी मोडू नये म्हणून कोरलेली शिवी, तिच्यावरचं गाढवाचं चित्र घरच्यांसमोर वर्णन करण्यासारखं नाही, पण कायद्याची भाषा म्हणून अतिशय स्पष्ट. माझ्या मुलखात बंधाऱ्याच्या जागी असाच एक दगड आहे, त्यावर शाप कोरलाय, पण कोणाला ते अर्धं झिजलंय. दोन्ही समाज म्हणतात की शाप समोरच्याला आहे.

नावांवर थोडा वेळ घालवा, पण जास्त नको, मी एकदा दीड महिना घालवला होता आणि गेमच बंद पडला. एकच युक्ती पुरते, की नावं थरांमध्ये यायला पाहिजेत. सगळ्यात खाली झाडं आणि पाणी, म्हणजे वडगाव, पिंपरी, चिंचवड. मग राज्यकर्त्यांची भाषा, कोंढवा बुद्रुक, कोंढवा खुर्द, हे बुद्रुक-खुर्द फारसीतून आलेत, मोठं आणि लहान, आणि आज तिथे राहणाऱ्याला फारसीचा एक शब्द येत नसला तरी रिक्षावाल्याला सांगताना तो तेच म्हणतो. मग बाजाराचे वार, शनिवार, बुधवार, आणि मग माणसांची नावं, सदाशिव, नाना. आणि अख्ख्या पुण्याचं नाव राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत, 758 ला पुण्य विषय, 768 ला पूनक विषय असं (विषय म्हणजे तेव्हाचा जिल्हा). एकाच शहरात इतके थर आहेत आणि आपण काल्पनिक मुलखात सगळी नावं एकाच सुरातली ठेवतो, सगळी आपली ‘अंधारगड’ टाइप.

कालगणनेत मुद्दाम गोंधळ घाला. शालिवाहन शक म्हणजे इसवीसनातून 78 वजा, त्यात राज्याभिषेक शक 1674 पासून वेगळा, जुन्या मराठी कागदात शुहूर सन अजून वेगळा. आणि स्वतः शालिवाहनाची गोष्ट काय, तर पैठणला कुंभाराच्या घरी वाढलेला पोरगा, मातीचे शिपाई करून त्यांच्यात प्राण घातला आणि विक्रमाला हरवलं. पण हा शक कोणी सुरू केला म्हटलं की इतिहासवाले कनिष्काचं किंवा शक-क्षत्रपांचं नाव घेतात, शालिवाहनाचं नाव त्याला कितीतरी नंतर चिकटलं. म्हणजे नहपानासारख्या ज्या शकांना हरवल्याचा अभिमान त्यांचंच कॅलेंडर आपण वापरतोय असं असू शकतं. असं काहीतरी तुमच्याकडे असलं तर उघड सांगू नका, दोन पंचांग शेजारी ठेवा आणि गप्प बसा. रांजणथडीत भोयांचं वर्ष बंधारा फुटल्यापासून मोजतात आणि राजाचं वर्ष पहिल्या राजापासून, दोन्हींत फरक 104 वर्षांचा, पण राजाच्या पोथीत लिहिलंय की पहिल्या राजाने स्वतः देवाला बांध फोडताना पाहिलं. एका प्लेयरने वजाबाकी केली आणि उठून उभा राहिला.

पोथी एकच ठेवू नका हेही सांगतो. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली तेव्हा 1,259 हस्तलिखितं ताडून बघितली, काम 1919 ला सुरू झालं ते 1966 ला संपलं. विद्वानांना त्यातून मूळ पाठ काढायचा होता, तुम्हाला उलटं करायचंय, एका पाठाच्या चार प्रती करा आणि प्रत्येकीत एक ओळ बदला. माझी एक प्रत म्हणते कांबळोबा ‘पाहुणा’ आला, दुसरी म्हणते ‘पाव्हणा जावई’ आला, बस, एका शब्दाने सगळ्या भांडणाचा रंग बदलतो.

आणि वाचून सुचत नसेल तर बाहेर पडा. इतिहासकार दा. ध. कोसंबी पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवायचे, शेंदूर फासलेले दगड कुठल्या जुन्या वाटेवर आहेत, तिथे दगडी हत्यारांचे बारीक तुकडे मिळतात का ते बघायचे. आपण तेवढे नाही, पण जंगली महाराज रोडवरच्या पाताळेश्वराला सकाळी आठ वाजता जाऊन बसता येतं. आठव्या शतकातलं लेणं, अर्धवट सोडलेलं, आणि काम अर्धवट का राहिलं याची गोष्ट विचाराल तर एका रात्रीत कोरायचं होतं आणि उजाडलं. कोंबडा आरवला की पांडव पळाले, ही गोष्ट कुठल्याही लेण्याला लागू होते. मी तिथे बसूनच आमच्या गडाचं अर्धं राहिलेलं प्रवेशद्वार लिहिलं, पांडव नको म्हणून गवंड्यांचा पगार थकला असं केलं, पण गावात सांगतात मात्र कोंबडाच.

हे सगळं झालं की त्यातलं पाव सुद्धा सांगायचं नाही, माझ्याच्याने हे अजून नीट जमत नाही, तोंडातून निघून जातं. प्रसंगाला एक तुकडा, तोही कोणाच्या तरी तोंडून आणि त्याचा काहीतरी मतलब असताना. खानावळवाली, जकातवाला, भांडणारी सासू. आमच्या लोकांना चौदा शनिवारांनंतर बंधाऱ्यापर्यंतचं कळलंय, उंदरांचं अजून कळलेलं नाही. दगडाची पेटी गेल्या आठवड्यात सापडली, उघडायची की नाही यावर रात्री एकपर्यंत वाद झाला, खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन ओरडून गेले. आत काय आहे ते मलाही माहीत नाही, ते पान मी खरंच कोरं ठेवलंय, त्यामुळे येत्या शनिवारी त्यांनी उघडलीच तर मला शुक्रवारी रात्री काहीतरी करावं लागेल.